काळ्या, निळ्या, करड्या गोळ्या : डब्यावर नाव नाही, ओळखायच्या कशा?

बिस्किटांचा_डबा | ११ ऑक्टोबर, २१:१०

नमस्कार मंडळी. मी विस्कॉन्सिनमध्ये असतो. चार वर्षांपासून हरणाच्या शिकारीला जातो आणि गेल्या वर्षापासून काडतुसं घरी भरतो. (दारू घरीच भरतो असं आईला फोनवर सांगितलं, तर तिने दोन दिवस फोन उचलला नाही.)

आमचे शेजारी आजोबा उन्हाळ्यात गेले. चाळीस वर्षं ते स्वतःची काडतुसं स्वतः भरत. आजींनी त्यांचा प्रेस, डाय (काडतुसं भरायची अवजारं), जुना तराजू आणि एक पेटी मला दिली. पेटीत डॅनिश बटर कुकीजचा तो निळा गोल डबा होता. आपल्या घरात त्या डब्यात सुईदोरा निघतो. यात सुट्या गोळ्या निघाल्या, म्हणजे फक्त पुढची धातूची गोळी. पुंगळी नाही, दारू नाही. चार जुन्या मोज्यांत बांधलेल्या, चिठ्ठी एकावरही नाही.

पहिला मोजा : पूर्ण काळ्या गोळ्या, ६३. टोकाला भोक.
दुसरा : निळ्या, ४१. यांनाही टोकाला भोक.
तिसरा : करड्या, शंभरच्या वर. टोकाला शिसं दिसतं.
चौथा : नेहमीच्या तांब्याच्या रंगाच्या, फक्त टोक काळं. ११.

साध्या कॅलिपरने सगळ्यांचा व्यास ७.८२ मिमी येतो, म्हणजे ०.३०८ इंच. माझी रायफल .३०-०६, त्यामुळे मापाला बसतात. प्रश्न दोन. यावरून कंपनी आणि मॉडेल ओळखता येईल का? आणि समान वजनाच्या गोळीचा जो हिशोब (किती दारू घालायची तो) माझ्याकडे आहे, त्याच हिशोबाने या भरता येतील का? हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो.

अ_अननसाचा | ११ ऑक्टोबर, २१:१८

मी पहिला! विषय कळला नाही, पण मोजे धुतले होते का?

रानडुक्कर | ११ ऑक्टोबर, २२:०५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बोटं त्यावर अवलंबून आहेत. नाही. वजन सारखं म्हणून हिशोब सारखा, हे अजिबात धरू नका. नळीत गोळीचा किती भाग घासतो, ती किती कडक आहे, किती लांब आहे, वर लेप आहे की नाही, या सगळ्यावर दाब ठरतो. ज्या गोळीचा आकडा तिलाच.

आता ओळख. काळी म्हणजे विंचेस्टरची बॅलिस्टिक सिल्व्हरटिप. नॉस्लर आणि विंचेस्टरने मिळून कंबाइंड टेक्नॉलॉजी या नावाने काढली होती. वरचा काळा थर म्हणजे ल्युबालॉक्स. तो बोटाला लागत नाही. निळी बार्न्सची एक्सएलसी. करडी म्हणजे मॉली नावाच्या भुकटीचा लेप. काळ्या टोकाच्या बाजूला ठेवा, त्यांच्याबद्दल सकाळी लिहितो. तोवर त्यांना काहीही करू नका.

शेवग्याची_शेंग | ११ ऑक्टोबर, २२:३१

या संस्थळावर आता हरणं मारायच्या पाककृती येणार का? काल उपवासाच्या थालीपिठाचा धागा होता, आज हे.

बिस्किटांचा_डबा | ११ ऑक्टोबर, २२:४०

@रानडुक्कर, सिल्व्हरटिपला प्लास्टिकचं टोक असतं ना? माझ्या काळ्या गोळीला प्लास्टिक नाही. भोक आहे आणि त्याच्या कडेला बारीक खाचा आहेत.

रानडुक्कर | ११ ऑक्टोबर, २२:५२

प्लास्टिक पडलं असेल. जुन्या गोळ्यांची टोकं सुटतात. मी स्वतः पाहिलंय.

तात्या_कॅलिपर | १२ ऑक्टोबर, ०८:१५ (भारतीय वेळ)

शिकारीतलं मला शून्य कळतं, मी भोसरीत टूलरूममध्ये आहे. पण ६३ पैकी ६३ टोकं पडली आणि मोज्याच्या तळाशी एकही नाही? मोजा उलटा करून झटका.

दुसरं म्हणजे चायनीज डिजिटल कॅलिपरवर ७.८२ दिसलं म्हणून ७.८२ असतंच असं नाही. शंभर-दीडशे डॉलरचा मायक्रोमीटर परवडत नसेल तर कुणाचा तरी मागून आण. ०.३०८ आणि ०.३११ इंचात फरक ०.०८ मिमीचा. कॅलिपरचे जबडे जरा तिरके बसले की दोन-तीन शतांश तिथेच गेले.

रानडुक्कर | १२ ऑक्टोबर, सकाळ

तात्यांशी शंभर टक्के सहमत. ०.३११-०.३१२ म्हणजे .३०३ ब्रिटिशची गोळी. ती ०.३०८ च्या नळीत कोंबली की दाब वाढणार. आजोबांकडे जुनी ली-एन्फील्ड (त्या मापाची ब्रिटिश रायफल) असेल तर डब्यात भेसळ असू शकते. एक-एक मोजा.

आणि काळी टोकं. अंगाला तांब्याचा रंग आणि फक्त टोकाला काळा रंग लावलेला, तर ती बहुधा दुसऱ्या महायुद्धातली लष्करी एम-२ चिलखतभेदी गोळी. आत कडक पोलादाचा गाभा, वजन साधारण १६५ ग्रेन (ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग). अमेरिकन लष्करी .३०-०६ मध्ये काळं टोक म्हणजे चिलखतभेदी, लाल किंवा नारिंगी म्हणजे ट्रेसर (उडताना मागे उजेडाची रेघ सोडणारी), निळं म्हणजे आग लावणारी. ट्रेसर आणि आग लावणाऱ्या गोळीच्या पोटात रसायन असतं. टोकाला रंग दिसला तर कापायचं नाही, तापवायचं नाही, ठोकायचं नाही. चिलखतभेदी गोळी हरणात फुलत नाही. आरपार जाते आणि पलीकडे कोण उभं आहे हे बघत नाही. शिकारीसाठी ती नव्हेच.

चुंबक लावून बघा. जोरात चिकटेल.

जुनं_खोड | १२ ऑक्टोबर, ०९:५५

मॉली! अरेरे, काय दिवस होते. १९९० च्या दशकात जो तो मॉली लावत होता. मॉलिब्डेनम डायसल्फाइड म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याची भुकटी, पापुद्रे एकमेकांवर घसरतात. टम्बलरमध्ये (फिरत्या भांड्यात) गोळ्या, बारीक पोलादी छर्रे आणि चिमूटभर भुकटी टाकायची, तासन्‌तास फिरवायचं. मग कार्नोबा मेण टाकून परत फिरवायचं. गोळ्या तयार, गॅरेज काळं, बायको लाल.

म्हणायचे नळीत तांबं बसत नाही, नळी जास्त टिकते, न पुसता शंभर बार काढा. त्यात तथ्यही होतं. पण घर्षण कमी म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे वेग कमी. तो वेग परत आणायला दारू वाढवायची. मग एक दिवस डबे बदलतात आणि वाढवलेल्या दारूवर बिनलेपाची गोळी बसते. मी ते केलंय. पुंगळी बाहेर निघेना, बोल्ट लाकडी हातोड्याने उघडला. रायफल वाचली, मीही वाचलो. त्या दिवसापासून मॉली बंद.

आणि नळीत ओल राहिली तर मॉलीखाली गंज धरतो, असा एक पक्ष तेव्हापासून आहे. मी त्याच पक्षाचा. दुसरा पक्ष येईलच आता.

नळीवाला | १२ ऑक्टोबर, १०:२०

आलो. बारा वर्षं मॉली लावतोय, गंज नाही. नळी पुसून ठेवली तर कशाला धरेल? ओल आपण ठेवायची आणि दोष भुकटीला.

गैरसोय मात्र आहे. स्वच्छ नळीतून मॉलीची गोळी मारली की पहिले काही बार इकडेतिकडे जातात, नळीला थर बसला की जमतं. मधेच साधी गोळी मारली की पुन्हा श्रीगणेशा. शिकारीत पहिलाच बार महत्त्वाचा, म्हणून शिकारीला मॉली नको, निशाणबाजीला चालेल. हल्ली बरेच जण मॉली सोडून बोरॉन नायट्राइडकडे गेलेत. ते पांढरं असतं, हात काळे होत नाहीत. पण लावलंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणजे ओळखायची पंचाईत आणखी मोठी.

शेवग्याची_शेंग | १२ ऑक्टोबर, १०:४४

माझ्या प्रतिसादाकडे सगळ्यांनी सोयीस्कर दुर्लक्ष केलेलं दिसतंय.

मोहर | १२ ऑक्टोबर, ११:३०

@शेवग्याची_शेंग, मी करत नाही. मी कॅलिफोर्नियात असते, नवरा शिकारी, मी निम्मी शाकाहारी. आमच्याकडे गोळी ओळखणं कायद्याचाच भाग आहे. २०१३ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. त्याआधी २००८ पासून फक्त काँडोर गिधाडांच्या पट्ट्यात बंदी होती. शिशाची गोळी हरणात फुटते, बारीक कण आतड्यांत राहतात. शिकारी आतडी रानात टाकून जातो आणि काँडोर ती खातं. पुढचं सांगायला नको. आपल्याकडे गिधाडं डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने गेली, इथे शिशाने जात होती.

त्यामुळे आमच्याकडे पहिला प्रश्न गोळी कोणत्या कंपनीची हा नसतोच. आत शिसं आहे का, एवढंच विचारायचं. आणि लेप नेमकं तेच लपवतो. काळ्या थराखाली पूर्ण तांबं असू शकतं, नाहीतर तांब्याच्या पत्र्यात शिसं. निकेल चढवलेल्या चंदेरी गोळ्यांचंही तसंच. फेडरलची ट्रॉफी बाँडेड टिप चंदेरी, आत शिसं. नॉर्माची इकोस्ट्राइक चंदेरी, आत शिसं अजिबात नाही. हंगामात वनरक्षकाला "रंगावरून वाटलं" हे उत्तर चालत नाही.

सराफकट्टा | १२ ऑक्टोबर, १२:१०

धागा भलत्या विषयाचा, पण "ग्रेन" दिसलं म्हणून थांबलो. आमचा धंदा सोन्याचा. एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, हे १८३३ मध्ये कंपनी सरकारने ठरवलं. तोळ्याचे १२ मासे, म्हणून मासा १५ ग्रेनचा. तुमची १८० ची गोळी म्हणजे एक तोळा, १६५ ची अकरा मासे, १५० ची दहा मासे! कंपनीचा चांदीचा रुपया वजनाला १८० ग्रेन होता आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. तुम्ही लोक हरणाला रुपयाच मारता की.

अ_अननसाचा | १२ ऑक्टोबर, १२:१४

@सराफकट्टा _/\_ धागा वसूल.

बिस्किटांचा_डबा | १२ ऑक्टोबर, २२:२५

आज तीन तास टेबलावर बसलो. बायकोने विचारलं, "मणी ओवतोयस का?"

तात्या, मोजा झटकला. एक वाळलेला मुंगळा पडला, प्लास्टिकचं टोक एकही नाही. मायक्रोमीटर ऑफिसातल्या मित्राकडून आणला. दोन करड्या गोळ्या ०.३११ निघाल्या! वेगळ्या काढल्या. बाकी सगळ्या ०.३०८.

वजनं. काळ्या : १७९.६ ते १८०.३ ग्रेन, म्हणजे तोळा. निळ्या : त्याही तोळा. करड्या : १५० च्या आसपास, दहा मासे. काळी टोकं : १६४ ते १६७.

चुंबक. काळं टोक टपकन चिकटलं, चुंबकासकट उचललं गेलं. निळी ढिम्म. करडी ढिम्म. आणि गंमत म्हणजे काळी गोळी ओढते, पण जरा. नाकाकडून लावलं तर काही नाही, बुडाकडून लावलं तर हलकेच वळते.

करडी गोळी तळहातावर घासली तर पेन्सिलने रेघ मारावी तशी रेघ उमटते. काळी घासून घासून बोट दुखलं, काही उतरलं नाही. निळी नखाने नाही, पण चाकूच्या टोकाने खरवडली तर खालून लालसर तांबं दिसलं. शिवाय माझ्याकडच्या साध्या १८० च्या गोळीशेजारी निळी उभी केली तर तीन-चार मिलिमीटर उंच आहे.

वरणगावकर | १३ ऑक्टोबर, ०७:०५ (भारतीय वेळ)

बुडाकडून ओढते म्हणजे मागच्या भागात पोलाद आहे. रानडुक्करसाहेबांची सिल्व्हरटिप बाद. तिच्यात पोलाद असायचं काही कारण नाही.

वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते, तिथे काडतुसंच बनायची. घरी कधी कामाचं बोलले नाहीत. पण एक सवय होती. कुठलीही धातूची वस्तू हातात आली की आधी चुंबक, मग वजन, मग डोळे. बाजारात पितळी समई घेतानाही खिशातून चुंबक काढायचे. दुकानदार चिडायचा. डोळे शेवटी, कारण डोळ्यांना रंग दिसतो आणि रंग कोणीही लावू शकतं, असं म्हणायचे.

रानडुक्कर | १३ ऑक्टोबर, ०८:३०

कान पकडतो. मागे पोलाद, टोकाला खाचांचं भोक, अंगभर ल्युबालॉक्स, वजन १८०. ही विंचेस्टरची फेल सेफ. मी काळा रंग पाहिला आणि पुढचं वाचलंच नाही.

फेल सेफ १९९० च्या दशकातली. पुढचा अर्धा भाग भरीव तांब्याच्या मिश्रधातूचा, त्यातलं भोक फुलून पाकळ्या होतात. मागच्या अर्ध्यात शिसं, आणि ते दाबाने फुगू नये म्हणून भोवती पोलादी वाटी. एल्क, मूस अशा दांडग्या जनावरांसाठी. आता बनत नाही. तिच्या जागी एक्सपी-३ आली, तीही काळी, पण प्लास्टिकच्या टोकाची. त्या काळात विंचेस्टरच्या कितीतरी गोळ्या काळ्या होत्या : बॅलिस्टिक सिल्व्हरटिप, फेल सेफ, एक्सपी-३, त्यांची अ‍ॅक्युबाँड सीटी. "काळी" म्हणजे जवळजवळ काहीच सांगितलं नाही असं.

बरं, बॅलिस्टिक सिल्व्हरटिप आणि जुनी "सिल्व्हरटिप" यांतही गोंधळ करू नका. जुनीच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमची टोपी असायची. नाव एक, गोळ्या दोन.

निळी मात्र एक्सएलसीच. बार्न्सने १९८९ मध्ये पूर्ण तांब्याची एक्स बुलेट आणली. फुलायची झकास, पण नळीत तांबं फासायची आणि दाब चढवायची. म्हणून तिच्यावर सुका निळा लेप दिला, ती एक्सएलसी. मग २००३ मध्ये टीएसएक्स आली. तिच्या अंगाला गोल खाचा पाडल्या, घासणारा भाग कमी झाला आणि लेपाची गरजच संपली. तुमच्या निळ्यांना गोल खाचा नाहीत ना?

बिस्किटांचा_डबा | १३ ऑक्टोबर, ०८:४१

नाहीत. अंग गुळगुळीत आहे.

तात्या_कॅलिपर | १३ ऑक्टोबर, ०९:१०

तीन-चार मिमी उंच का, ते मी सांगतो. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. व्यास तोच, वजन तेच, तर हलका धातू उंचीच घेणार. चुंबक नसला तरी नुसत्या उंचीवरून आत शिसं किती हे ताडता येतं. मोहरताईंनी हा उपाय लिहून ठेवावा.

नळीवाला | १३ ऑक्टोबर, ०९:३३

आणि लांब गोळी पुंगळीत जास्त खोल बसते, दारूची जागा खाते. जागा कमी, दाब जास्त. शिवाय लांब गोळीला स्थिर राहायला नळीच्या आट्यांचा पीळ जास्त लागतो. .३०-०६ ला १८० पर्यंत अडचण येऊ नये.

खवय्या_खडकी | १३ ऑक्टोबर, ११:००

अवांतर : हरणाच्या मटणाला काळा मसाला की सावजी? चरबी नसते म्हणे, मग कोरडं होत नाही का?

मोहर | १३ ऑक्टोबर, ११:२२

होतं. दह्यात आणि कच्च्या पपईत रात्रभर ठेवायचं, मंद आचेवर शिजवायचं, तेल सढळ. काळा मसाला चालतो. आणि जखमेच्या आजूबाजूचं मांस वीतभर कापून टाकायचं, गोळी शिशाची असेल तर जास्तच.

शेवग्याची_शेंग | १३ ऑक्टोबर, ११:२५

शेवटी पाककृती आलीच. मी म्हटलं होतं.

कोकणी_ठासणी | १३ ऑक्टोबर, १३:४०

आमच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. शिसं चुलीवर वितळवून साच्यात ओतायचे. लेपबिप काही नाही, चिंधी गुंडाळायची आणि गजाने ठासायची. डुक्कर पळून जायचं आणि बंदुकीच्या धुरात आजोबाच दिसायचे नाहीत.

आता परवाने राहिले, बार फक्त हवेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर भारतात हौशी शिकार संपली, ते बरंच झालं. इथले वाचक "मीही घरी भरून बघतो" म्हणतील म्हणून सांगतो, शस्त्र कायदा आहे. नका.

गगनविहारी | १३ ऑक्टोबर, १४:१५

कोकणीच्या मुद्द्याला जोडून. डब्यातली एक गोळी "आठवण" म्हणून भारतात नेऊ नका. माझा एक मित्र अमेरिकेहून येताना बॅगेच्या कप्प्यात रेंजवरची एक रिकामी पुंगळी विसरला. परतताना एका भारतीय विमानतळावर सापडली. विमान गेलं, रात्र पोलीस ठाण्यात, पुढे वकील, तारखा. पुंगळीची किंमत तीस सेंट.

बिस्किटांचा_डबा | १३ ऑक्टोबर, १४:३०

बाप रे. शिकारीचा कोट घालून मागे पुण्याला गेलो होतो. आता सगळे खिसे उलटे करतो.

(कोट भगवा-नारिंगी आहे. विस्कॉन्सिनमध्ये २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. बायको म्हणते गुलाबी घे, निदान हरणं हसतील.)

संपादक | १३ ऑक्टोबर, १५:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. शाकाहार-मांसाहार वादासाठी स्वतंत्र धागे आहेत, सतरा आहेत.

तात्या_कॅलिपर | १४ ऑक्टोबर, ०८:००

फेल सेफ हा अजून अंदाजच आहे. पुरावा हवा. एक गोळी उभी कापा. ६३ आहेत, एक गेली तर काय बिघडतं?

जुनं_खोड | १४ ऑक्टोबर, ०८:२०

तात्या, हे टूलरूम नाही! सल्ला देताना जपून.

रानडुक्कर | १४ ऑक्टोबर, ०८:५०

कापायला हरकत नाही, पण अटी आहेत. सुटी गोळीच, भरलेलं काडतूस कधीही नाही. टोकाला रंग असलेली नाही, म्हणजे चौथ्या मोज्याला हात लावायचा नाही. हाताची हॅक्सॉ, ग्राइंडर नाही. शिशाचा भुसा उडू नये म्हणून तेलाचे दोन थेंब, हातमोजे, खाली वर्तमानपत्र. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही.

बिस्किटांचा_डबा | १६ ऑक्टोबर, २१:३०

कापली. दोन लाकडी पट्ट्यांत धरून व्हाइसमध्ये आवळली. चाळीस मिनिटं लागली. नाकाकडून सुरुवात केली, तिथे पातं लोण्यासारखं नाही पण बरं चाललं. अर्ध्यावर आलो आणि करवतीचा आवाजच बदलला, खर्रर्रवरून किंचाळल्यासारखा. पातं घसरायला लागलं. नवीन पातं लावलं.

मग पॉलिश पेपरवर घासून भिंगातून पाहिलं. पुढचा अर्धा भाग भरीव, लालसर. मागे करडं शिसं, मऊ, नखाने ओरखडा उठतो. शिसं आणि बाहेरचं तांबं यांच्या मधे पांढरट चकचकीत बारीक रेघ, दोन्ही बाजूंना. तीच पोलादी वाटी. बुडालाही तसलीच चकती. आणि काळा थर कडेला शोधला तर दिसलाच नाही, इतका पातळ.

फेल सेफ. रानडुक्करसाहेब, वरणगावकरकाका, धन्यवाद.

वरणगावकर | १७ ऑक्टोबर, ०६:५०

वडील असते तर म्हणाले असते, पातं वाया घालवलंस, चुंबकाने सांगितलं होतं.

बिस्किटांचा_डबा | १७ ऑक्टोबर, ०७:१५

:) करड्यांचं मात्र कोडं सुटलं नाही. एसीटोन-बिसीटोन न वापरता दहा गोळ्या नुसत्या फडक्याने चोळल्या. मॉली बरीच उतरली, खाली साधं तांबं. पण सहा गोळ्यांचं बूड सपाट, चारांचं निमुळतं. काहींच्या कमरेला दातेरी खाच, काहींना नाही. वजन सगळ्यांचं १५०. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, गॅरेजमध्ये एक टम्बलर आणि बरणीभर छर्रे अजून आहेत, "तो काळा उद्योग त्याचाच."

जुनं_खोड | १७ ऑक्टोबर, ०७:४०

म्हणजे घरीच मॉली लावलेली, दोन-तीन कंपन्यांची खिचडी. त्यात दोन .३०३ च्याही सापडल्या. ही शंभर गोळ्यांची थैली माझ्या लेखी भंगार. लेप लावला की सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात, हेच लेपाचं मोठं दुखणं. कारखान्याची काळी निदान एका जातीची असते, गॅरेजातली करडी कोणाचीही.

नळीवाला | १७ ऑक्टोबर, ०८:०५

भंगार कशाला? बूड आणि खाचेप्रमाणे वेगळ्या केल्या तर रेंजवर कागद फोडायला...

जुनं_खोड | १७ ऑक्टोबर, ०८:०८

कोणता हिशोब धरून? गोळीचं नाव माहीत नाही, लेप किती जाड माहीत नाही. तुमच्याकडे लाकडी हातोडा आहे का?

नळीवाला | १७ ऑक्टोबर, ०८:२०

बरं बाबा, भंगार. तीन डॉलर वाचवायला रायफल कोण फोडून घेईल.

बिस्किटांचा_डबा | १७ ऑक्टोबर, २०:००

मग मूळ दुसरा प्रश्न उरतो. काळ्या ६२ आणि निळ्या ४१ यांची नावं तर कळली. भरू का?

रानडुक्कर | १७ ऑक्टोबर, २१:१५

१९९० च्या दशकातली छापील बार्न्सची पुस्तिका मिळाली, त्यात एक्सएलसीचा स्वतंत्र आकडा असला, आणि तुमच्याकडे नेमकी तीच दारू असली, तर सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. टीएसएक्सचा आकडा निळीला लावू नका. एक्सचाही नाही, लेप असलेली आणि नसलेली यांचे आकडे वेगळे छापलेले असायचे ते उगाच नाही. फेल सेफलाही तोच न्याय. पुस्तिका नसेल तर विषय संपला.

बिस्किटांचा_डबा | २ नोव्हेंबर, १९:४५

आजींना आजोबांची वही सापडली. स्पायरल, दारूच्या दुकानाच्या जाहिरातीची. (खऱ्या दारूच्या.) पेन्सिलने बारीक अक्षर. "निळी १८०" च्या ओळीत दारूचं नाव, आकडा, आणि शेवटी एक शब्द : "एल्क". "काळी १८०" समोर दोन ओळी, दोन्ही खोडलेल्या. का खोडल्या ते लिहिलेलं नाही. करड्यांचा उल्लेखच नाही.

वाचता वाचता मोह झाला, खोटं कशाला बोलू. आकडा समोर, गोळी समोर, प्रेस त्यांचाच. मग लक्षात आलं की त्या ओळीतली दारू कधीच्या डब्यातली, पुंगळी कोणत्या कंपनीची, रायफल कोणती, काहीच लिहिलेलं नाही. त्यांना माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही.

दुकानातून नवीन खोकं आणलं. बार्न्सचीच टीटीएसएक्स, १६५ ग्रेन, निळ्या प्लास्टिकच्या टोकाची. सराफसाहेब, अकरा मासे. खोक्यावर नाव, पुस्तकात आकडा.

सराफकट्टा | २ नोव्हेंबर, २०:०२

शुद्ध चांदीएवढी. चालेल.

बिस्किटांचा_डबा | २४ नोव्हेंबर, २२:१०

हंगामाचा तिसरा दिवस. एक मादी, ऐंशी यार्डांवरून, एक बार. गोळी आरपार गेली, सापडली नाही, त्यामुळे फुलली कशी ते दाखवता येत नाही. मांसाची रोगचाचणी करायला नमुना दिलाय (इथे हरणांत २००२ पासून एक मेंदूचा रोग आहे), अहवाल येईपर्यंत फ्रीजरमध्ये. मोहरताईंची पपई आणून ठेवलीय.

डबा आजींकडे परत दिला नाही. चारही मोज्यांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. चौथ्यावर लाल शाईने "हात लावू नये". बायकोने खालून पेनने लिहिलं, "मोजे धुवावेत."

अ_अननसाचा | २४ नोव्हेंबर, २२:१३

माझ्या पहिल्या प्रतिसादाला दीड महिन्यांनी न्याय मिळाला.

नवा_गडी | ९ डिसेंबर, १८:२०

धागा आता वाचला, मस्त. मी टेक्सासमध्ये. माझ्याकडे एका मित्राने दिलेल्या लाल टोकाच्या पन्नास गोळ्या आहेत. कोणत्या असतील?

रानडुक्कर | ९ डिसेंबर, १९:०५

प्लास्टिकचं लाल की रंगाचं लाल? प्लास्टिक असेल तर हॉर्नडी कंपनीच्या अर्ध्या गोळ्या लाल टोकाच्या आहेत. नॉस्लर बॅलिस्टिक टिपमध्ये रंग मापाप्रमाणे असतो : लाल म्हणजे ७ मिमी, हिरवा .३०, पिवळा .२७०. आणि रंग लावलेला लाल असेल तर वरचा १२ ऑक्टोबरचा प्रतिसाद आधी वाचा.

तात्या_कॅलिपर | १० डिसेंबर, ०८:०२

व्यास किती? मायक्रोमीटरने.

वरणगावकर | १० डिसेंबर, ०८:१०

चुंबक लावला का?